चार दिवसांचं पिल्लू गार पडलंय, दूध नाकातून येतंय, आत्ता रात्री काय करू?

सुदामानगरची | बुधवार, रात्री ११:४२

नमस्कार, कोणी जागं असेल तर प्लीज लवकर सांगा. इंदूरला सुदामा नगरात राहते. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक रस्त्यावरची कुत्री शनिवारी रात्री व्यायली, सहा पिल्लं झाली, त्यातलं एक पहिल्याच रात्री गेलं, वॉचमन म्हणाला आईच्या अंगाखाली दबलं असेल, आज सकाळी अजून एक गेलं आणि आता तिसऱ्याचं तेच चाललंय. सगळ्यात छोटी आहे ती, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. दुपारपासून एकसारखी कुईंकुईं करत होती, संध्याकाळी गप्प झाली, मला वाटलं झोपली, आत्ता हात लावला तर अंग गार, अगदी फ्रिजमधून काढल्यासारखं. आई तिला नाकाने बाजूला ढकलून राहिलीय, बाकीच्या तिघांना मात्र जवळ घेतेय.

मी पिशवीतलं दूध कोमट करून ड्रॉपरने पाजलं, थोडं आत गेलं आणि थोडं नाकातून बाहेर आलं, आता श्वास घेताना खुरखुर आवाज येतोय. दोन-तीन डॉक्टरांना फोन केले, कोणी उचलत नाही. या गावात रात्री दोनला सराफ्यातल्या खाऊगल्लीत गरम जिलबी मिळते पण जनावरांचा डॉक्टर मिळत नाही. थंडी तर तुम्हाला माहितीच आहे, जानेवारीची, फरशी बर्फासारखी.

अजून दूध पाजू का? की आईजवळ ठेवून देऊ? घरात आणायला आजी नाही म्हणतेय.

चारपाय_पलासिया | रात्री ११:५१

ताई सगळ्यात आधी दूध बंद. आत्ताच्या आत्ता. गार पिल्लाला दूध पाजायचं नसतं, त्याचं पोट चालतच नसतं, दूध आत तसंच पडून राहतं, फुगतं, नाहीतर श्वासात जातं. आधी ऊब, मग साखर, मग दूध. हा क्रम उलटा झाला की पिल्लू जातं, मी स्वतः उलटा करून दोन घालवलीत म्हणून सांगतोय.

आता काय करा: पिल्लू आडवं धरून तोंड थोडं खाली करा, नाक मऊ कापडाने पुसून घ्या. झटका नका देऊ, उलटं धरून गरगर फिरवायचे व्हिडिओ असतात तसलं काही करू नका. मग ती स्वतःच्या अंगाशी घ्या, स्वेटरच्या आत, थेट कातडीला लागून, आणि वरून शाल. तुमचं अंग हाच सगळ्यात चांगला हीटर, जास्त तापत पण नाही आणि कमी पण होत नाही. घरात थर्मामीटर असेल तर टोकाला थोडं खोबरेल लावून शेपटीखाली हलकेच टेकवा आणि आकडा सांगा.

सुदामानगरची | गुरुवार, रात्री १२:०४

नुसतं लो दाखवतोय. डिजिटल आहे. बिघडलाय का?

चारपाय_पलासिया | रात्री १२:०६

बिघडला नाहीये. माणसाचा डिजिटल थर्मामीटर ९० च्या खाली आकडाच दाखवत नाही. म्हणजे ती ९० च्या खाली आहे. अंगाशी धरूनच ठेवा, घाई नको, एक-दोन तास लागतील. एकदम शेक दिला तर वरची कातडी तापते आणि आतून गारच राहतं. हीटरपुढे नका ठेवू. दर वीस मिनिटांनी कूस बदला.

जुना_इंदुरी | रात्री १२:१५

बेटा घाबरू नकोस. आमच्याकडे रामबागेत वाड्यात दर थंडीत कुत्र्या व्यायच्या. आई थेंबभर ब्रँडी कोमट दुधात हळद घालून पाजायची, पिल्लं टुणटुणीत. ताप-कणकण वाटली तर क्रोसिनचे दोन थेंब. आणि पिशवीचं दूध कशाला, म्हशीचं ताजं दे की, घट्ट असतं.

महूवाला_वेट | रात्री १२:३१

काका, माफ करा पण यातलं काहीही देऊ नका. महूच्या पशुचिकित्सा महाविद्यालयात शिकलोय, आता प्रॅक्टिस दुसऱ्या गावात आहे त्यामुळे येऊ शकत नाही, पण जागा आहे, सांगतो.

ब्रँडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, हाताला ऊब लागते पण शरीराची उष्णता उलट बाहेर जाते, आणि साखर अजून खाली येते. चार दिवसांच्या लिव्हरला दारू पण झेपत नाही आणि पॅरासिटामॉल, म्हणजे तुमचं ते क्रोसिन, तर नाहीच नाही. वाड्यातली जी पिल्लं टुणटुणीत झाली ती ब्रँडीमुळे नाही हो, ब्रँडी असून झाली. जी गेली ती कोणी मोजली नाहीत.

आता ताई तुमच्यासाठी. नवजात पिल्लू स्वतःचं अंग गरम ठेवूच शकत नाही. आपण थंडीत कुडकुडतो ना, तो कुडकुडण्याचा रिफ्लेक्स त्यांना पहिले पाच-सहा दिवस नसतोच, आणि पुरतं तापमान सांभाळायला तीन-चार आठवडे लागतात. मोठ्या कुत्र्याचं १०१ ते १०२.५ असतं, पण पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं ९५ ते ९९ हेच नॉर्मल. ९४ च्या खाली गेलं की आतडी थांबतात. अजून खाली गेलं की हृदयाचे ठोके मंदावतात, चोखायचा जोर जातो, आणि गार पिल्लाला आई पण ढकलते. तिला दगड समजून शिव्या देऊ नका, बऱ्याच आया असंच करतात, गरम करून परत दिलं की बऱ्याचदा घेतात.

थर्मामीटर ९४ दाखवेपर्यंत दूध नाही. पण मधल्या वेळात साखर लागेल. एवढ्याशा लिव्हरमध्ये साठा नसतोच, काही तास उपाशी राहिलं की शुगर कोसळते, मग गप्प पडणं, मान टाकणं, कधी झटके. ग्लुकोज पावडर असेल तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात, अर्ध्या कपापेक्षा कमी पाण्यात एक चमचा, एवढं पातळ करा. बोटाला लावून हिरड्यांवर चोळा. ओतायचं नाही, फक्त चोळायचं. दर पंधरा-वीस मिनिटांनी. ग्लुकोज नसेल तर साधी साखर पण चालेल.

आणि एक, टॉर्च लावून तोंड उघडून टाळू बघा. मधोमध फट दिसतेय का? नाकातून दूध येण्याची दोन कारणं असतात, एक टाळू दुभंगलेली, दुसरं आपण चुकीचं पाजलंय. दुसरंच असावं अशी आशा करू.

सुदामानगरची | रात्री १२:४८

टाळू अख्खी आहे. म्हणजे मीच चुकले. मी बाळासारखं पाठीवर झोपवून पाजलं होतं.

ग्लुकोज आजीच्या कपाटात सापडलं, उन्हाळ्यातलं. आजी उठली, दारातच उभी राहून बघून राहिलीय, तोंडाने पुटपुट चालू आहे की देवघराच्या भिंतीला लागून कुत्री आणलीस. पण रबरी गरम पाण्याची पिशवी तिनेच आणून ठेवली, तिच्या गुडघ्याची.

चारपाय_पलासिया | रात्री १२:५२

पिशवी भारी काम करेल. पण उकळतं पाणी नका भरू, आणि दोन पदरी टॉवेलात गुंडाळा. एक खोका घ्या, अर्ध्या भागात पिशवी ठेवा आणि अर्धा मोकळा सोडा, म्हणजे जास्त गरम झालं तर बाकीची सरपटत लांब जातील. या छोटीला मात्र सरकता येत नाहीये त्यामुळे ती अंगाशीच. भाजलेली पिल्लं पण बघितलीत मी, बल्ब अगदी जवळ टांगलेला होता.

बाकी तिघांना पण खोक्यात घ्या ना, फरशीवरून उचला. खाली वर्तमानपत्राचा जाड थर, वर गोधडी.

सुदामानगरची | रात्री २:५५

९३.६. मग ९४.८. आता ९५.५!! पाय हलवतेय. आवाज केला एकदा. खुरखुर कमी झालीय पण आहे. आता?

महूवाला_वेट | पहाटे ३:०२

आता आईला लावा. आडवी झोपलेली असेल तर मागच्या सडांना, तिथे दूध जास्त असतं. पिल्लाचं तोंड सडाशी नेऊन एक थेंब पिळून ओठांना लावा. चोखलं तर तिथेच धरून बसा, बाकीची ढकलतील. नाहीच चोखलं तर जबरदस्ती नको, परत ग्लुकोज आणि ऊब, सकाळी डॉक्टर नळीने पाजायला शिकवेल, नळी थेट पोटात जाते, ते बघून शिकल्याशिवाय घरी करायचं नाही. बाटलीने पाजायचं झालंच तर पोटावर, पालथं, मान किंचित वर, जसं ते आईला पितं तसं. पाठीवर कधीच नाही.

सुदामानगरची | पहाटे ३:२०

पितेय. पितेय पितेय पितेय

बडोद्याची_लॅबवाली | गुरुवार, सकाळी ७:१०

आत्ता वाचलं, अंगावर काटा आला. मी बडोद्याला असते, माझ्या लॅबला, लॅब्राडॉर कुत्रीला, दोन वर्षांपूर्वी नऊ पिल्लं झाली, सहा राहिली. घरची कुत्री, एसी खोली, सोनोग्राफी केलेली, सगळं असून तीन गेली, त्यामुळे जिन्याखालच्या दोन गेल्या म्हणून स्वतःला खाऊ नकोस. दूध सुटायच्या आत साधारण १० ते ३० टक्के पिल्लं जातात असं आमच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, आणि त्यातली बरीचशी पहिल्या आठवड्यात. इंग्रजीत फेडिंग पपी म्हणतात, विझत जाणारं पिल्लू. नाव ऐकून तो एक रोग वाटतो, पण तसं नाहीये, मागे काहीही असू शकतं, गारठा, उपासमार, इन्फेक्शन, जन्मजात काहीतरी. चेहरा सगळ्यांचा सारखाच दिसतो, आधी रडणं, मग गप्प.

मला जे कोणी आधी सांगितलं नाही ते सांगते. वजन. किचनचा वजनकाटा असेल ना, पोळीची कणीक मोजतो तो? त्यावर स्टीलचा डबा ठेवायचा, आत रुमाल, शून्य करायचं आणि प्रत्येक पिल्लू रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचं. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैलसर, रोज तपासायची कारण ती वाढतात आणि लोकर वाढत नाही. पहिल्या दिवशी वजन थोडं उतरलं तर चालतं, त्यानंतर रोज वाढलंच पाहिजे, साधारण आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट. एक दिवस अडकलं तर लक्ष ठेवायचं, उतरलं तर डॉक्टर. मी तीन पिल्लं घालवली कारण डोळ्याने बघून "छान दिसतायत" म्हणत बसले. पिल्लू आजारी दिसायला लागतं तेव्हा बारा तास आधीच उशीर झालेला असतो, काटा मात्र आदल्या दिवशी सांगतो.

दुधाचं म्हणाल तर म्हशीचं घट्ट दूध हा सगळ्यांचा आवडता उपाय, माझ्या सासूबाईंचा पण. कुत्रीच्या दुधात फॅट साधारण ९ टक्के, प्रोटीन ७-८. गाईच्या दुधात दोन्ही साडेतीनच्या आसपास. म्हशीच्यात फॅट असतं बऱ्यापैकी पण लॅक्टोज कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त, मग जुलाब, आणि एवढ्याशा जिवाला एक दिवसाचे जुलाब पुरतात. म्हणून आईचं दूध कमी असेल तर कुत्र्याच्या पिल्लांची दूध पावडर मिळते पेट शॉपमध्ये ती आणा, डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, घट्ट करायचं म्हणून जास्त पावडर नाही. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला ३ ते ४ मिली, यापेक्षा पोटात जागाच नसते. पहिला आठवडा दर दोन-तीन तासांनी, रात्री पण. हो, रात्री पण. मी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून झोपायचे.

आणि आई चाटत नसेल तर शू-शी आपण करवायची. कापूस कोमट पाण्यात बुडवून पोटाच्या खाली हलकं हलकं फिरवायचं, प्रत्येक वेळी पाजल्यावर. तीन आठवड्यांपर्यंत त्यांना स्वतःहून करता येत नाही. शू पाण्यासारखी फिकी हवी, गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

निसर्गनियम | सकाळी ८:३५

एवढं करायची गरज आहे का? निसर्गात कमजोर मरतं, आई उगाच ढकलत नाही. आधीच कॉलनीत कुत्र्यांनी वात आणलाय, अजून चार वाढवताय. कोणाला चावलं की मग तुम्ही येणार का?

चारपाय_पलासिया | सकाळी ८:५०

भिया, निसर्गात फरशी नसते, कुत्री मातीत खड्डा करून पिल्लं घालते. ती सिमेंटवर व्यायली कारण आपण माती ठेवलीच नाही. आणि कुत्री कमी करायची असतील तर नसबंदी, तिची पिल्लं सुटली की करून घेऊच, नाहीतर सहा-सात महिन्यांत परत माजावर येईल. पिल्लं गारठून मेल्याने कमी होत नाहीत, एवढी वर्षं मरतच आहेत की.

जुना_इंदुरी | सकाळी ९:१५

बरं बाबा, ब्रँडी मीच पिईन. छोटी कशी आहे ते सांगा.

सुदामानगरची | गुरुवार, दुपारी २:४०

डॉक्टरकडे जाऊन आले. सहा वाजता पोह्याचे ठेले लागतात, डॉक्टरने शटर उघडलं अकराला, पण नीट बघितलं सगळ्यांना. बडोदावाल्या ताई, तुम्ही म्हणालात तसं जायच्या आधी वजन केलं. आजी काटा देईना, म्हणे यावर मी साखर मोजते. नवीन आणला. छोटी २१०, काळू ३४०, भुरी ३६५ आणि सगळ्यात गुबगुबीत तो, त्याला आम्ही लाडू म्हणतो, ३९०.

छोटीच्या छातीत थोडा आवाज आहे, औषध दिलंय. पण डॉक्टर लाडूला बघून थांबले. मला तर तोच सगळ्यात ठणठणीत वाटत होता. त्याची नाळ जिथे तुटली तिथे लाल आणि सुजलेलं, दाबलं तर पू. म्हणाले नाळेतून इन्फेक्शन आत जातं, अँटिबायोटिक सुरू केलंय, रोज दोनदा वजन करा. बाकीच्यांच्या नाळेला बीटाडीन लावलं.

आईचा एक सड कडक आणि गरम आहे, तिला पण औषध, तो सड शेकून पिळून काढायला सांगितलाय. तो पिळताना तिने हात धरला माझा, चावली असं नाही म्हणता येणार, दात लागला, जरासं खरचटलं. काही नाही ना होणार?

महूवाला_वेट | दुपारी ३:०५

तो हात आधी. नळाखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि आजच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. दात लागून खरचटलं म्हणजे लस, रक्त आलंय की नाही हा प्रश्नच नाही. रक्ताचा टिपूस जरी दिसला असेल तर तिथे नक्की सांगा, मग जखमेत सीरम, म्हणजे तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन, पण द्यावं लागतं. कार्डावर तारखा लिहून देतील, एकही चुकवू नका. तिची लस झालेली नाही, तिचा इतिहास आपल्याला माहीत नाही. हळद-मिरची लावू नका. परत येऊन लिहा की घेतली.

नाळेचं डॉक्टर बरोबर बोललेत. मी एक जोडतो. कुत्र्यांमध्ये गर्भात असताना पिल्लाला आईकडून अँटिबॉडीज फार थोड्या मिळतात, बहुतेक सगळ्या पहिल्या दुधातून, चिकातून. आणि आतडं त्या आत घेतं ते पहिले काही तास, २४ तासांनी दार बंद. शनिवारच्या रात्री थंडीत कोणाला किती चीक मिळाला आपल्याला माहीत नाही. ज्याला मिळाला नाही तो दिसायला गुबगुबीत असला तरी आतून उघडाच असतो. उद्या वजन काय येतंय बघा. पोटाचा रंग बघा, गुलाबी हवा. जांभळट-निळसर दिसला तर थांबू नका.

सुदामानगरची | दुपारी ४:५०

घेतली लस. रक्त नव्हतं आलं, त्यांनी पण बघितलं. आजी सोबत आली होती, रांगेत तिने चार बायकांना ही सगळी कथा सांगितली.

सुदामानगरची | शुक्रवार, सकाळी ७:३०

लाडू ३७२. पोट जांभळट. निघतेय.

सुदामानगरची | शुक्रवार, रात्री ९:१०

लाडू गेला. दुपारी दवाखान्यातच. सलाईन, ऑक्सिजन सगळं केलं त्यांनी, रक्तात पसरलं होतं म्हणाले. काल दुपारपर्यंत तोच सगळ्यांना ढकलून दूध प्यायचा.

छोटी २२४ आहे.

बडोद्याची_लॅबवाली | रात्री ९:२५

अगं. काय बोलू. फोन चार्जिंगला लाव आणि एक तास झोप, छोटीचं दूध साडेअकराला.

लष्करचा_बंडू | शनिवार, सकाळी १०:२०

ग्वाल्हेरहून लिहितोय, उशिरा आलो. तुमच्याकडे इंदूरला थंडी म्हणजे काय हो, आमच्याकडे येऊन बघा एकदा जानेवारीत, दात वाजून वाजून निम्मे पडतात.

गंमत सोडा. पुढचं सांगतो, कारण लोक पहिल्या आठवड्यात जागतात आणि मग निश्चिंत होतात, मी तसाच झालो. आमच्या लष्कर भागातल्या गल्लीत पाच पिल्लं, पहिला आठवडा पार, डोळे उघडले, सगळे खूश. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी दोन सुस्त. हिरड्या बघितल्या तर पांढऱ्या फटक, कागदासारख्या. डॉक्टर म्हणाले हुकवर्म. रक्त पिणारे जंत. म्हटलं एवढ्याशा पिल्लाला जंत कुठून, अजून माती पण चाटली नाही. तर म्हणे हे जंत आईच्या दुधातून येतात, आणि गोल जंत तर पोटात असतानाच येतात. एक वाचलं, त्याला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त दिलं होतं, दुसरं गेलं. म्हणून दोन आठवडे पूर्ण झाले की जंताचं औषध, वजनावर मोजून, डॉक्टरकडूनच, आणि मग दर दोन आठवड्यांनी. आईला पण. घरात लहान मुलं असतील तर हात धुवायला लावा, हे जंत माणसाला पण त्रास देतात.

पिसवा बघा. पिसवा पण एवढं रक्त पितात की पिल्लू पांढरं पडतं. पण पावडर, गोचिडांचे थेंब, फिनाइल, डेटॉल यातलं काही अंगाला लावू नका, बारीक फणीने काढायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या. कंटाळवाणं आहे, आमची आई टीव्ही बघत बघत काढायची.

डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात. आपण होऊन उघडायचे नाहीत. पण उघडायच्या आधीच पापणी टम्म फुगली, कोपऱ्यात पू दिसला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर, आत पू साठतो आणि डोळा जातो.

चारपाय_पलासिया | शनिवार, सकाळी ११:००

बंडूभाऊ बरोबर. आणि आईला खायला काय देताय ताई? दूध-पोळीवर तिचं भागणार नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं. अंडी, चिकनचं पाणी आणि भात, दही, पाणी भरपूर. ती एकदम धापा टाकायला लागली, पाय ताठ, थरथर, तर ते कॅल्शियम उतरणं असतं, घरी गोळी देत बसू नका, शिरेतून द्यावं लागतं, रिक्षा करायची आणि सुटायचं.

सुदामानगरची | शनिवार, दुपारी १२:१५

अंडी घरात चालत नाहीत. वॉचमनच्या बायकोच्या चुलीवर उकडून राहिलेय.

निसर्गनियम | रविवार, रात्री ८:४०

अंड्यांचे दोन ट्रे घेऊन ठेवलेत, पत्ता पर्सनल मेसेजवर टाका. माझं मत बदललेलं नाही. नसबंदीला गाडी लागली तर माझी आहे.

महूवाला_वेट | सोमवार, सकाळी ७:५५

एक राहिलं होतं. बाहेरची कुत्री हाताळून आलेल्या कोणालाही खोक्यात हात घालू देऊ नका अजून. कुत्र्यांमध्ये एक हर्पिस व्हायरस असतो, मोठ्यांना साधी सर्दी, तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत संपवतो. त्याला गार शरीर आवडतं, ९८-९९ फॅरनहाइटच्या वर त्याची वाढ मंदावते. म्हणजे परत तिथेच येतो आपण, खोका गरम ठेवा. पहिला आठवडा पिल्लांजवळ ३० अंश सेल्सियसच्या आसपास, मग हळूहळू उतरवत महिन्याने २४-२५ पर्यंत. पिल्लं एकावर एक ढीग करून असतील तर गार आहेत, एकमेकांपासून लांब पसरून धापा टाकत असतील तर गरम झालंय. थर्मामीटर नसला तरी हे डोळ्यांना दिसतं.

पार्वो, म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावणारा व्हायरस, आत्ता नाही, तो साधारण दीड महिन्यानंतर, आईच्या अँटिबॉडीज उतरल्यावर. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. लसी पूर्ण होईतो दुसऱ्या कुत्र्यांच्या जागी जमिनीवर सोडायचं नाही, पार्वो मातीत महिनोन्महिने टिकतो.

सुदामानगरची | दोन आठवड्यांनंतर, बुधवार, रात्री १०:०५

सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं, परीक्षा होत्या. तीन आहेत. भुरी ८२०, काळू ७९०, छोटी ४६०. छोटीचे डोळे सगळ्यात उशिरा उघडले, पंधराव्या दिवशी, एक आधी आणि दुसरा दुसऱ्या दिवशी, दिवसभर डोळा मारल्यासारखी बघत होती. छातीचा आवाज गेला. जंताचं औषध झालं, काळूच्या शीमधून शेवयांसारखे निघाले, त्या दिवशी मी जेवले नाही. आईचा सड बरा झाला, आता ती छोटीला पण चाटते, आधी ढकलायची त्याचं तिला काहीही वाटत नाही.

काल छोटी चालायला लागली, म्हणजे चार पावलं आणि मग बाजूला कलंडते. आजी म्हणाली हिची चाल माझ्यासारखीच आहे. खोका अजून बाहेरच आहे, जिन्याखाली, देवघराची भिंत पलीकडे, पण रात्री दारातून कोणीतरी जाऊन गोधडी सारखी करून येतं आणि ती मी नाही.

पिशवीचं पाणी हल्ली कमी वेळा बदलावं लागतं, तिघं एकमेकांनाच चिकटून गरम राहतात. आजीने ती परत मागितलीय. म्हणे तीन आठवडे झाले, माझ्या गुडघ्यांकडे कोणी बघेल का.

जुना_इंदुरी | रात्री १०:२०

दे तिला. आणि छोटीचा फोटो टाक.